पंधराव्याचा निधी: खात्यात पैसा, पण काम अडलेले

ग्रामपंचायतींकडे येणाऱ्या केंद्रीय निधीविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ही उत्तरे आहेत. ती पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानापुरती, म्हणजे २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांच्या पैशांपुरती आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनचा काळ सोळाव्या आयोगाचा. त्या निधीला पंधराव्याचे नियम परस्पर लावू नयेत, त्याच्या मार्गदर्शक सूचना वेगळ्या वाचाव्यात.

प्रश्न : गावात जलजीवनची नळयोजना झाली आहे. पंधराव्यातला पाण्याचा हिस्सा पडून आहे. तो अंतर्गत रस्त्याला वापरता येईल का? (सरपंच, जालना जिल्हा)

रस्त्याला नाही. अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा असतो आणि त्याचे दोन सारखे हिस्से पडतात. ३० टक्के स्वच्छता आणि हागणदारीमुक्तीचा दर्जा टिकवण्यासाठी. ३० टक्के पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन आणि सांडपाण्याच्या पुनर्वापरासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. वर्षाला १० लाख मिळत असतील तर ३ लाख स्वच्छतेचे, ३ लाख पाण्याचे आणि ४ लाख मोकळे. रस्ता करायचा तो या ४ लाखांतून.

एका बाजूची गरज पूर्ण भागली असेल तर त्या हिश्शाचा पैसा दुसऱ्या बंधित बाजूला नेता येतो, म्हणजे पाण्याचा स्वच्छतेला किंवा उलट. त्यासाठी गरज भागल्याचे ग्रामसभेने ठरावाने प्रमाणित करावे लागते. मासिक सभेच्या ठरावावर असा बदल केला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, आणि तो योग्यच असतो.

तरी ठराव करण्याआधी एकदा विचार करा. नळ आले म्हणजे पाण्याची गरज भागली असे होत नाही. उद्भवाची, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीर मार्चमध्ये आटते का? शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या छताचे पाणी कुठे जाते? वाडीतल्या नळांच्या कडेचे सांडपाणी कुठे जाते? उद्भव बळकटीकरण, छतावरचे पाणी साठवणे, सामूहिक शोषखड्डे, पंपाची आणि जलवाहिनीची दुरुस्ती ही सगळी कामे पाण्याच्याच हिश्शात बसतात. हा पैसा गटाराकडे वळवून उन्हाळ्यात टँकर मागणारी गावे कमी नाहीत.

प्रश्न : ग्रामसभेने मंजूर केलेले गटाराचे काम पूर्ण झाले, ठेकेदाराचे बिल मात्र निघत नाही. खात्यात पैसे दिसतात. अडचण कुठे असते? (ग्रामपंचायत सदस्य, सोलापूर जिल्हा)

बहुतेक वेळा दिल्लीत किंवा मुंबईत नाही, गावातच. चेक लिहून पैसे देण्याचे दिवस गेले. ई-ग्रामस्वराज ही पंचायतींच्या आराखड्याची आणि हिशेबाची ऑनलाइन प्रणाली पीएफएमएसला, म्हणजे केंद्राच्या पैसे वितरणाच्या प्रणालीला, जोडलेली आहे आणि पैसे तिथूनच थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात. त्यामुळे काम आधी ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात दिसले पाहिजे. ठराव वहीत आहे, पण काम अपलोड झालेल्या आराखड्यात नाही, असे असेल तर बिल पुढे सरकत नाही.

तपासण्याचा क्रम असा ठेवा. काम मूळ किंवा पुरवणी आराखड्यात आहे का, आणि योग्य हिश्शाखाली आहे का? गटार स्वच्छतेच्या बंधित निधीतून धरले असेल आणि बिल अबंधितमधून काढायला घेतले तर ते अडते. मग तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मान्यता. त्यानंतर पुरवठादाराची नोंदणी: बँक खात्यावरचे नाव आणि नोंदवलेले नाव वेगळे असले, आयएफएससी जुना असला (बँकांच्या विलीनीकरणानंतर हे फार झाले), तर पैसे परत येतात. मागच्या महिन्याचे हिशेबाचे पुस्तक प्रणालीत बंद केले नसेल तर नवे व्हाउचर घेता येत नाही. मार्चनंतर वर्षाचे पुस्तक बंद करायचे राहून जाते आणि एप्रिल-मेमधली बिले लटकतात.

सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे डीएससी, म्हणजे डिजिटल सही, गावाच्या भाषेत डोंगल. पैसे निघायला दोन डिजिटल सह्या लागतात. एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचे ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी), दुसरी सरपंचांची. सरपंच बदलले, अधिकाऱ्यांची बदली झाली किंवा सहीची मुदत संपली, तर नवी सही काढणे, ती प्रणालीत नोंदवणे आणि वरून मान्यता मिळवणे हे सगळे पुन्हा करावे लागते. निवडणूक झालेल्या गावांनी पदभार घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात हा अर्ज टाकावा. नवे सरपंच सत्कारात आणि जुन्यांचे डोंगल त्यांच्या घरी, ही स्थिती बरी नाही. सरपंचांचे डोंगल दुसऱ्याच कुणाच्या खिशात असणे तर त्याहून वाईट, कारण गैरव्यवहार निघाला की जबाबदारी सही ज्याची त्याची.

काम आराखड्यातच नसेल तर पुरवणी आराखडा ग्रामसभेपुढे ठेवा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. मात्र आधी काम आणि मग आराखडा असा उलटा प्रवास तारखांवरून लगेच उघडा पडतो.

प्रश्न : गावाशेजारी एमआयडीसी आली, वस्ती दुप्पट झाली. अनुदान मात्र तेवढेच. लोकसंख्येचा दाखला जोडून वाढवून मिळेल का? (उपसरपंच, पुणे जिल्हा)

मिळणार नाही. पंधराव्या आयोगाने राज्याराज्यांत वाटप करताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिले, आणि लोकसंख्या धरली ती २०११ च्या जनगणनेची. राज्याच्या आत वाटप राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीने आणि ती नसेल तर याच सूत्राने. मतदारयादी, आधारची संख्या किंवा तलाठी कार्यालयाचा दाखला यांना या हिशेबात जागा नाही. २०११ नंतर वाढलेल्या गावांवर हा अन्याय आहे हे खरे, पण तो अर्जाने सुटणारा नाही.

तुमच्या हातात आहे ती घरपट्टी. नमुना ८ ची (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीची) फेरआकारणी चार वर्षांनी व्हायला हवी. तुमच्यासारख्या गावांत ती रखडते आणि नव्या चाळी, गाळे, गोदामे नोंदीबाहेर राहतात. त्या नोंदी झाल्या तर येणारा पैसा स्वनिधी असतो, बंधित-अबंधितचा जाच त्याला नाही.

प्रश्न : पथदिव्यांचे बिल आणि शिपायाचा पगार पंधराव्यातून देता येतो का?

पगार आणि आस्थापना खर्च अबंधितमधूनही नाही. पथदिव्यांच्या बिलाला राज्याने २०२१ मध्ये परवानगी दिली, त्यावर सरपंचांनी बरीच नाराजीही व्यक्त केली. बिल भरायचे असेल तर तेही आराखड्यात धरावे लागते. थकबाकीसकट भरताना अबंधितचा किती भाग संपेल हे आधी पाहा, नाहीतर वर्षभर दुसरे काही करता येणार नाही.

प्रश्न : पंचायत समितीला हा निधी येणे बंद का झाले? (माजी सदस्य, नाशिक जिल्हा)

चौदाव्या आयोगाने सगळा पैसा ग्रामपंचायतींना दिला होता. पंधराव्याने तिन्ही स्तरांना दिला आणि महाराष्ट्राने ८०:१०:१० असे वाटप ठरवले: ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १०, जिल्हा परिषद १०. पण अनुदान निवडून आलेल्या संस्थेलाच मिळते. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर २०२२ पासून प्रशासक बसले, म्हणून त्यांचे दोन्ही दहा टक्के अडले. ज्या ग्रामपंचायतींवर प्रशासक होते त्यांनाही हीच अट लागली.

दुसरी अट हिशेबाची. २०२३-२४ पासून मागील वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे ऑनलाइन असलेल्या संस्थाच पात्र ठरल्या. स्थानिक निधी लेखापरीक्षेला कागद वेळेत न दिल्यामुळे हप्ता हुकला तर त्याचे खापर केंद्रावर फोडता येत नाही.

प्रश्न : केंद्राने हप्ता सोडला, पण गावापर्यंत यायला दोन महिने लागले. याला काही मुदत आहे का?

आहे. केंद्राकडून रक्कम मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत राज्याने ती पुढे द्यायची, उशीर झाला तर त्या काळाचे व्याजही द्यायचे. तुमच्या खात्यावरच्या जमा तारखेची केंद्राची रक्कम राज्याला मिळाल्याच्या तारखेशी तुलना करा.

प्रश्न : मी साधा गावकरी. आमच्या ग्रामपंचायतीने काय खर्च केला ते कसे पाहू?

ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की मंजूर आराखडा आणि खर्च दिसतो. कामाचे नाव, रक्कम, पुरवठादार उतरवून घ्या आणि प्रत्यक्ष जागेवर जा. 'ठिकठिकाणी दुरुस्ती', 'विविध साहित्य खरेदी' अशी मोघम नावे दिसली तर तिथे थांबा. एकच गटार दोन वर्षांत दोन नावांनी आले आहे का, हेही पाहण्यासारखे.

शंका आली तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. 'सगळा हिशेब द्या' असे लिहिले तर उत्तर टाळायला सबब मिळते. एक काम निवडा आणि त्याच कामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, मोजमाप पुस्तिकेची पाने, पूर्णत्वाचा दाखला आणि व्हाउचर यांच्या प्रती मागा. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. टेप घेऊन ती जागेवर मोजता येते. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.