शाळेत सगळ्याच मुलांची सायकोसिसच्या (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराच्या) धोक्यासाठी चाचणी घ्यावी का?

सरसकट नको. पीक्यू-१६ ही १६ प्रश्नांची प्रश्नावली मुळात मदत मागायला आलेल्यांसाठी आहे. ६ किंवा जास्त ‘हो’ आले, तर पुढे सविस्तर मुलाखत घेतात. नुसत्या प्रश्नावलीवरून निदान होत नाही. त्यात ‘अनोळखी माणसांना पहिल्यांदा भेटताना खूप घाबरायला होतं’ असाही प्रश्न आहे. नववी-दहावीतली कितीतरी मुलं त्याला ‘हो’च म्हणतील! उगाच शिक्का बसला तर ते मूल आणखी कोशात जाईल.

पण मूल एकटं पडू लागलं, झोप बिघडली, मार्क घसरले, ‘सगळे माझ्याविषयीच बोलतात’ म्हणू लागलं किंवा कोणी नसताना आवाज येऊ लागले, तर कृपया थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं. गांजा ओढत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने धोका वाढतो.