वडील फी भरतात म्हणून काउन्सेलर त्यांना माझं सगळं सांगेल का?

तू २२ वर्षांची आहेस, काउन्सेलिंगला जायचंय, पण फी पप्पा देणार आणि ते म्हणतायत की मी मॅडमना फोन करून विचारत जाईन काय चाललंय ते, तर मॅडम सांगतील का असं तू विचारलंयस. मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून तू म्हणतेय, चालेल ना.

तुझ्या परवानगीशिवाय त्यांनी सांगायचं नसतं. तू सज्ञान आहेस, फी कोणाच्या खिशातून जाते याचा काही संबंध नाही.

मी हे एवढं ठासून सांगतेय कारण माझ्या बाबतीत उलटं झालं होतं. लग्न मोडल्यावर काकू मला एका काउन्सेलरकडे घेऊन गेली, मी आत तासभर बोलले, रडले, आणि निघताना मी चप्पल घालत होते तेवढ्यात बाईंनी काकूला बाजूला घेतलं. रात्री जेवताना काकू भाकरी मोडता मोडता सगळ्यांसमोर बोलली की "हिला अजून तो आठवतो म्हणे." हे वाक्य मी फक्त त्या खोलीत बोलले होते. त्यानंतर दीड वर्ष मी कोणाकडेच गेले नाही आणि ते दीड वर्ष फार वाईट गेलं.

तेव्हा मला माहीतच नव्हतं की आपण काही विचारू शकतो. आता तर २०१७ चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट आहे, २९ मे २०१८ पासून लागू झालाय, त्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयता हा पेशंटचा हक्क म्हणून लिहिलाय. अपवाद आहेत, म्हणजे कोणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल, कोर्टाची ऑर्डर आली, किंवा तुझ्यावर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना माहिती लागली तर, आणि तेव्हाही गरजेपुरतंच. नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे उपचारांच्या बाबतीत तुझ्या वतीने बोलणारा, म्हणून एक माणूस असतो त्याला सांगता येतं, पण तो तू निवडायचा, साध्या कागदावर लिहून सही करून, आणि ते पप्पाच असले पाहिजेत असं कुठेही नाही, मोठी बहीण, मैत्रीण, कोणीही सज्ञान माणूस चालतो. १८ च्या आतल्या मुलांचं वेगळं, तिथे पालक असतातच, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली ते पोलिसांना कळवावंच लागतं.

आता अडचण अशी की काउन्सेलर असा बोर्ड लावलेल्या सगळ्यांकडे रजिस्ट्रेशन असतंच असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, जिथे त्यांची नोंदणी होते) नंबर असतो, तो बिनधास्त विचार, चांगली माणसं चिडत नाहीत. आणि पहिल्याच दिवशी, स्वतःचं काही सांगायच्या आधी विचार की मॅडम तुम्ही कोणाला, कधी आणि किती सांगाल, नोट्स कुठे ठेवता, घरून फोन आला तर काय उत्तर द्याल. लेखी मिळालं तर उत्तमच. उत्तर देताना त्या गोलगोल बोलल्या तर तिथून उठ, खरंच उठ. दुसरं कोणी सापडेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करता येतो, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

पप्पांचं म्हणशील तर त्यांना बहुतेक काळजीच वाटत असणार गं. मॅडमना सांग की त्यांना भेटायचं असेल तर मी समोर असताना भेटा आणि काय बोलायचं ते आधी आपण दोघी ठरवू. माझ्या दुसऱ्या मॅडमनी आईला असंच बोलावलं होतं, पंधरा मिनिटांसाठी. आईने विचारलं ही रात्रीची झोपत का नाही, तर मॅडम काहीच बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मग मीच सांगितलं.