माझी पहिली इंग्रजी रहस्यकादंबरी लिहून पूर्ण झाली आहे. नवीन लेखकांच्या शोधात असलेला लिटररी एजंट कसा शोधायचा? आणि एजंटशिवाय चालतच नाही का?

तुम्ही म्हणताय की 'नवीन लेखक हवेत' असं लिहिणारे लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकून देणारे मध्यस्थ, नेटवर ढिगाने सापडतात, पण त्यातला खरा कोण आणि भोंदू कोण हेच कळत नाही. मी काही वर्षं एका एजन्सीत आलेली हस्तलिखितं वाचून पहिली चाळणी लावायचं काम केलंय, त्यामुळे आतून जे दिसलं त्यावरून सांगते.

'नवीन लेखक हवेत' या वाक्याला फार किंमत देऊ नका. बहुतेक एजन्सींच्या वेबसाइटवर ते या ना त्या रूपात असतंच. ज्याच्याकडे आता एकही नवा माणूस घ्यायला जागा नाही, तोही ते काढत नाही, कारण उद्या एखादं जबरदस्त पुस्तक चालून आलं तर? तुम्हाला शोधायचाय तो ज्याला नव्या लेखकाची स्वतःच गरज आहे असा माणूस. आणि तो बहुतेक वेळा एजन्सीच्या पानावर सगळ्यात खाली असतो.

म्हणजे असं, की जुन्या, नाव कमावलेल्या एजन्सीत कुणीतरी सहायक म्हणून लागतं. काही वर्षं दुसऱ्याच्या लेखकांचे करार, पत्रव्यवहार, हस्तलिखितांचं वाचन करतं. मग एक दिवस बढती मिळते, नावापुढे 'असोसिएट एजंट' लागतं आणि स्वतःचे लेखक घ्यायची मुभा मिळते. एजंटची कमाई कमिशनवर असते आणि या माणसाकडे तर विकायला अजून काहीच नाही. तो आलेल्या मेल खरंच वाचतो. हस्तलिखितात दोष असले तरी वेळ काढून सुधारणा सुचवतो. अडलंच तर शेजारच्या खोलीत वीस वर्षांचा अनुभव असलेली वरिष्ठ एजंट बसलेली असते, करार तपासणारा विभाग असतो, परदेशी हक्क विकणारी माणसं असतात. लेखकांना 'असोसिएट' शब्द कमीपणाचा वाटतो आणि ते थेट एजन्सीच्या मालकाला लिहितात. मालकाकडे आधीचेच लेखक इतके असतात की ती मेल शेवटी माझ्यासारख्या वाचकाकडेच येऊन पडते.

मात्र असोसिएट एजंट वेगळा आणि कुठलाही अनुभव नसताना घरी बसून एजन्सीची पाटी लावणारा वेगळा. दुसरा प्रामाणिक असू शकतो, पण कुठल्या संपादकाला काय आवडतं हे त्याला माहीत नसेल तर त्या प्रामाणिकपणाचा तुम्हाला उपयोग नाही. आधी कुठे काम केलं आणि कुणाच्या हाताखाली शिकला, या दोन गोष्टी त्याच्या परिचयात सापडल्या पाहिजेत.

आता शोधायचं कुठे. क्वेरीट्रॅकर या साइटवर एजंट प्रकारानुसार शोधता येतात, आणि बाकीच्या लेखकांना किती दिवसांत उत्तर आलं, किती जणांकडून पूर्ण हस्तलिखित मागवलं गेलं, हेही दिसतं. मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्टवर एजंट स्वतः लिहितात की आत्ता काय वाचायला हवंय. पब्लिशर्स मार्केटप्लेसला वर्गणी भरावी लागते, पण कुणी कुठलं पुस्तक कुठल्या प्रकाशकाला विकलं याच्या नोंदी तिथे असतात. एक महिन्याची वर्गणी घेऊन त्या महिन्यात सगळा शोध उरकून घ्या. ब्रिटनमधल्या एजंटांसाठी 'रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक' शंभराहून जास्त वर्षं निघतंय, ते वाचनालयातही चालेल, फक्त ताजी आवृत्ती बघा. एजंट नोकऱ्या बदलतात, त्यामुळे कुठल्याही यादीतलं नाव एजन्सीच्या स्वतःच्या साइटवर जाऊन ताडून घ्यायचंच.

माझी आवडती पद्धत यापेक्षा साधी आहे. गेल्या तीन-चार वर्षांत आलेल्या ज्या रहस्यकादंबऱ्या तुमच्या पुस्तकाच्या जातकुळीच्या वाटतात, त्यांचं ऋणनिर्देशाचं पान उघडा. लेखक तिथे आपल्या एजंटचे आभार मानतात. पहिल्याच पुस्तकाचे लेखक तर फार मोकळेपणाने मानतात आणि एजंटबरोबर त्याच्या सहायकाचंही नाव घेतात. त्या सहायकाचं नाव वहीत लिहून ठेवा आणि तो आज कुठे आहे ते शोधा. पुष्कळदा तो एजंट झालेला असतो, त्याच प्रकारची पुस्तकं वाचून तयार झालेला असतो आणि त्याच्या नावावर अजून मोजकीच पुस्तकं असतात. हे नाव कुठल्याही 'नवीन लेखक हवेत' यादीत पहिल्या पानावर येणार नाही.

खऱ्याखोट्याचा निकाल पैशावर लागतो. एजंट हा व्यवसाय लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी १८७५च्या सुमारास सुरू केला असं मानलं जातं. ते लेखकाच्या मिळकतीतून १० टक्के घेत. आज हा दर स्वदेशातल्या विक्रीवर १५ टक्के आणि परदेशी किंवा भाषांतराच्या हक्कांवर साधारण २० टक्के आहे, कारण तिथे मधल्या सहएजंटलाही वाटा जातो. आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं: पैसा प्रकाशकाकडून एजंटकडे येतो, तो आपला हिस्सा कापून बाकी लेखकाला देतो. वाचनाची फी, नोंदणीची फी, 'आमच्याच संपादकाकडून' हस्तलिखित सुधारून घेण्याची फी, चित्रपटवाल्यांना दाखवण्यासाठीची फी, यातलं काहीही मागितलं की मेल बंद करा. असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्स या संस्थेच्या आचारसंहितेत वाचनाच्या फीला मनाईच आहे. ब्रिटनमध्ये असोसिएशन ऑफ ऑथर्स एजंट्स ही तशीच संस्था १९७४पासून आहे. नवा एजंट अजून सदस्य नसला तरी घाबरू नका, त्याची एजन्सी बघा.

दुसरा प्रकार तोतयांचा. खऱ्या एजंटचं नाव घेऊन मेल येते, तुमच्या लिखाणाची तोंडभर स्तुती असते. फिलिपो बर्नार्डिनी नावाच्या, प्रकाशनातच नोकरी करणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षं एजंट आणि संपादकांची सोंगं घेऊन अप्रकाशित हस्तलिखितं मिळवली. २०२२च्या जानेवारीत त्याला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. त्याने १६०हून जास्त बनावट डोमेन घेतली होती. युक्ती शाळकरी पोराला सुचेल अशी: पत्त्यातलं इंग्रजी 'एम' काढायचं आणि तिथे 'आर' आणि 'एन' चिकटवून ठेवायचे. छोट्या अक्षरांत दोन्ही सारखंच दिसतं. या धंद्यात मुरलेली माणसंही त्याला फसली. म्हणून अनोळखी मेलला 'रिप्लाय' दाबून उत्तर द्यायचं नाही. एजन्सीच्या साइटवरचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथे विचारा. रायटर बिवेअर हा ब्लॉग अशा फसवणुकींच्या बातम्या देत असतो. कुणाचंही नाव पुढे आलं की आधी तिथे शोधा.

बाकी, ज्याचं पुस्तक अजून कुठे छापलेलं नाही आणि ज्याचं हस्तलिखित कुणी वाचलेलं नाही, अशा लेखकाला एजंट आपणहून शोधत येत नाही. तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

पाठवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अर्धी माणसं इथेच गळतात. कादंबरी असेल तर ती पूर्ण हवी, आणि तुमची आहे, चांगलं झालं. कथेतर पुस्तक असतं तर प्रस्ताव आणि नमुन्याची प्रकरणं चालली असती. पहिल्या कादंबरीसाठी साधारण ८० हजार ते १ लाख शब्द ही सोयीची लांबी. फँटसीला आणखी थोडी सूट मिळते. दोन लाख शब्दांची रहस्यकादंबरी आली की मी आकडा बघूनच सुस्कारा टाकायचे. क्वेरी लेटर, म्हणजे एजंटला पुस्तकाची ओळख करून देणारं पत्र, एका पानाचं, ३०० शब्दांच्या आसपास: पुस्तक कशाबद्दल आहे, प्रकार, शब्दसंख्या, अलीकडची एक-दोन मिळतीजुळती पुस्तकं, आणि तुमच्याबद्दल दोन ओळी.

पुस्तक कशाबद्दल आहे, हा परिच्छेदच सगळं ठरवतो. माझ्याकडे रोज 'ही कथा प्रेम, विश्वासघात आणि आत्मशोधाची आहे' अशी पत्रं यायची. कुठल्याही पुस्तकाला लावावं असं वाक्य. त्याऐवजी समजा असं लिहिलेलं असेल: 'विमा कंपनीतल्या तपासनीस बाईकडे तिच्याच बेपत्ता नवऱ्याच्या मृत्यूचा दावा येतो, आणि फाइलमधल्या फोटोत प्रेताच्या हातातलं घड्याळ चुकीच्या मनगटावर आहे.' हे वाचून मी निदान पहिलं पान उघडणारच. माणूस कोण, त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय आणि कुठली गोष्ट जुळत नाही, एवढंच त्यात आहे. शेवट पत्रात सांगायचा नाही. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संपूर्ण कथेच्या सारांशात, मात्र खुनी कोण हे स्पष्ट लिहायचं. 'उत्सुकता राहावी म्हणून' तिथेही लपवणारे पुष्कळ असतात आणि वाचणाऱ्याला त्याचा फक्त वैताग येतो.

प्रत्येक एजन्सीच्या सूचना वेगळ्या असतात. कुणाला पहिली दहा पानं मेलमध्येच चिकटवलेली हवी असतात, कुणाला पहिली तीन प्रकरणं फाइल जोडून, कुणाला ऑनलाइन फॉर्मवर. सांगितलंय तसंच करा. जोडलेल्या फाइली न उघडता मेल काढून टाकणाऱ्या एजन्सी आहेत. आणि एकच मेल पन्नास एजंटांना, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील अशी पाठवणारे महाभाग अजूनही आहेत!

एकाच वेळी अनेकांना वेगवेगळं पाठवायला कुणाची हरकत नसते. पण पहिल्या फेरीत आठ-दहाच निवडा, आणि एकाच एजन्सीतल्या दोघांना एकदम लिहू नका. सगळीकडून शांतता असेल तर दोष बहुधा पत्रात किंवा पहिल्या पानांत आहे, तो दुरुस्त करून दुसरी फेरी. पूर्ण हस्तलिखित मागवून नंतर नकार येत असतील तर पत्र ठीक आहे, पुस्तकात मध्ये कुठेतरी गडबड आहे. सगळी नावं एका दमात खर्च केलीत तर हे कळूनही उपयोग होत नाही, कारण नाकारलेलं हस्तलिखित मोठ्या फेरफाराशिवाय त्याच एजंटकडे पुन्हा नेता येत नाही. उत्तराला सहा ते बारा आठवडे धरा. काही एजन्सी तर सरळ लिहितात की उत्तर आलं नाही म्हणजे नकार समजा.

एखाद्याने होकार दिला तर लगेच सही करू नका. ज्यांच्याकडे हस्तलिखित अजून आहे त्यांना कळवून साधारण दोन आठवडे मागून घ्यायची रीत आहे, खरा एजंट त्याला नाराज होत नाही. त्याला विचारा, पुस्तकात काय बदलावं असं वाटतं, कुठल्या संपादकांना दाखवणार, हे पुस्तक विकलं गेलं नाही तर पुढच्याचं काय. त्याच्या एखाद्या सध्याच्या लेखकाशी बोलू द्याल का, असंही विचारा. करारात दोन कलमं नीट वाचा. एक म्हणजे करार मोडायचा झाला तर किती दिवसांची नोटीस. ३० किंवा ६० दिवस ठीक. दुसरं पैशाचं. २०१८ साली न्यूयॉर्कच्या डोनाडिओ अँड ओल्सन या एजन्सीत हिशेबनिसाने लेखकांचे मिळून ३० लाख डॉलरहून जास्त पैसे हडपल्याचं उघड झालं. एजन्सी जुनी, एजंट चांगले, तरी लेखकांचे पैसे गेले. प्रकाशकाने तुमचा हिस्सा थेट तुमच्या खात्यात आणि कमिशन एजन्सीच्या खात्यात भरावं अशी तरतूद मागता येते. सगळे मान्य करत नाहीत, पण मागायला काही लागत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. इंग्रजीतल्या मोठ्या प्रकाशनसंस्था बहुतेक एजंटमार्फत आलेलंच वाचतात, त्यामुळे तिकडे जायचं तर एजंट लागेल. छोट्या स्वतंत्र प्रकाशनांपैकी अनेकजण ठरावीक काळात थेट हस्तलिखितं घेतात. कवितासंग्रह आणि अभ्यासग्रंथ यांच्यात एजंट सहसा पडतच नाहीत, त्यात कमिशन निघत नाही. आणि कित्येक भाषांमध्ये एजंट ही पद्धतच नाही, लेखक सरळ प्रकाशकाशी बोलतो. तुम्हाला थेट प्रकाशक मिळाला तर कराराचा मसुदा सही करण्याआधी जाणकाराला दाखवा. ब्रिटनमधली सोसायटी ऑफ ऑथर्स आणि अमेरिकेतली ऑथर्स गिल्ड आपल्या सदस्यांचे करार तपासून देतात.