वाचकांचे प्रश्न : न्यूटनचं पुस्तक नेटवर शोधताना

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. न्यूटन, डार्विन वगैरेंची मूळ पुस्तकं एकदा तरी स्वतः वाचावीत असं वाटतं, पण गुगलवर शोधलं की एकतर सारांश येतात, नाहीतर विकत घ्यायच्या लिंका, आणि चुकून स्कॅन सापडलंच तर ते लॅटिनमध्ये. नक्की कुठे शोधायचं? आणि हे डाउनलोड करणं कायदेशीर असतं का?

उत्तर : कुठे शोधायचं ते सोपं आहे, ते आधी उरकून घेऊ. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या पुस्तकांची स्कॅन्स आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर स्वयंसेवकांनी तपासलेला टाइप केलेला मजकूर मिळतो (मोबाइलवर वाचायला हाच बरा), प्राणी-वनस्पतींवरचं जुनं काही हवं असेल तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी, आणि फ्रेंच ग्रंथांसाठी गॅलिका. सगळं फुकट.

खरी गंमत पुढेच आहे. पुस्तक सापडतं हो, पण आपल्या हातात नेमकी कुठली आवृत्ती आलीये हे बघायचं राहून जातं. आता न्यूटनचंच घ्या. गतीचे नियम मांडणारं त्याचं प्रिन्सिपिया पहिल्यांदा आलं 1687 साली, मग 1713 आणि 1726 ला सुधारलेल्या आवृत्त्या आल्या, आणि ‘मी हायपोथिसिस रचत नाही’ हे त्याचं जे वाक्य सगळीकडे फिरतं ना, ते 1713 च्या आवृत्तीत शेवटी जोडलेल्या भागातलं आहे, त्यामुळे 1687 चं स्कॅन उघडून कितीही पानं उलटलीत तरी ते मिळायचं नाही! इंग्रजीत वाचायचं तर अँड्र्यू मॉटचं 1729 चं भाषांतर शोधा, ते तिसऱ्या आवृत्तीवरून केलंय. भाषा जुनाट आहे पण जमतं.

डार्विनचंही तेच. ओरिजिन ऑफ स्पीशीज 1859 चं, पण त्याच्या हयातीत सहा आवृत्त्या निघाल्या आणि तो दर वेळी बदल करत गेला. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ पाचव्या आवृत्तीत, म्हणजे 1869 ला आलं आणि तेही मूळचं हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताचं, ‘एव्होल्यूशन’ हा शब्द तर थेट सहावीत, 1872 ला. मला विचाराल तर पहिलीच वाचा, सहावीत टीकाकारांना उत्तरं देता देता मजकूर फार फुगलाय. डार्विन ऑनलाइन नावाच्या साइटवर सगळ्या आवृत्त्या आहेत, शेजारी शेजारी उघडून बघा, एक आख्खी दुपार कशी गेली कळणार नाही.

शोधताना पुस्तकाचं नाव मूळ भाषेत, रोमन लिपीत टाइप करा, म्हणजे ‘गॅलिलिओ बुक’ असं न टाकता सिडेरियस नन्सियस (Sidereus Nuncius) असं नाव आणि पुढे 1610, की सारांशवाली गर्दी बरीच कमी होते. आणखी एक, जुन्या छपाईत इंग्रजी एस बऱ्याच ठिकाणी एफसारखा दिसणारा लांबट असायचा आणि कॉम्प्युटर तो खुशाल एफ म्हणून वाचतो, त्यामुळे स्कॅनमध्ये ‘सच’ (such) शोधून सापडत नसेल तर ‘फच’ (fuch) टाकून बघा. हसू नका, चालतं हे.

कायद्याचं म्हणाल तर न्यूटन, डार्विनच्या मूळ मजकुरावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, पण भाषांतराचा हक्क वेगळा असतो. प्रिन्सिपियाचं 1999 ला आलेलं नवं इंग्रजी भाषांतर कॉपीराइटमध्ये आहे, त्याची कुठेतरी पडलेली पीडीएफ उचलू नका.

आणि खरं सांगू का, सुरुवात प्रिन्सिपियाने करूच नका, भूमितीच्या आकृत्यांमध्ये तिसऱ्या दिवशी अडकाल. मायकल फॅरेडेने मेणबत्तीवर मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली होती, त्यांचं 1861 चं पुस्तक गुटेनबर्गवर आहे, ते घ्या. एक ज्योत धरून माणूस कुठल्या कुठे नेतो.

प्रश्न : रॉबर्ट हूकच्या मायक्रोग्राफिया या सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींच्या पुस्तकातलं पिसवेचं मोठं चित्र बघायचं होतं, पण डाउनलोड केलेल्या स्कॅनमध्ये नुसता घडी घातलेला कागद दिसतोय. फाइल खराब आहे का?

उत्तर : फाइल ठीक आहे हो, स्कॅन करणाऱ्याने घडी उलगडली नाही एवढंच! 1665 च्या त्या पुस्तकात ते चित्र घडीच्या मोठ्या पानावर छापलंय आणि घाऊक स्कॅनिंगमध्ये अशी पानं बरेचदा तशीच राहतात. अशा वेळी त्याच पुस्तकाची दुसऱ्या लायब्ररीची प्रत उघडायची. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या ‘टर्निंग द पेजेस’मध्ये हे पुस्तक आहे, तिथे पिसू पूर्ण उलगडलेली दिसेल, पायावरच्या केसांसकट.