छातीवर येऊन बसणारं कोण?

"ताई, माझा बाप्तिस्मा झालाय. मग माझ्यात अजून भूत कसं?"

एवढं बोलून तो खाली मान घालून बसला. वय सव्वीस, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलच्या लूमवर कामाला. घरात प्रभूकडे आलेला तो पहिलाच. (त्याची परवानगी घेऊन लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

चार महिने आठवड्यातून दोन-तीनदा एकच प्रकार चालला होता. जाग यायची, डोळे उघडायचे, पत्र्याखाली टांगलेला पंखा स्पष्ट दिसायचा, पण बोटसुद्धा हलायचं नाही. कोपऱ्यात कुणीतरी उभं असायचं. मग ते जवळ येऊन छातीवर बसायचं. "येशूचं नाव घ्यायला जातो तर तोंडच उघडत नाही. नावसुद्धा घेता येत नाही, म्हणजे ते आतच आहे ना?"

एका प्रार्थना गटाने त्याच्यासाठी तीनदा सुटकेची प्रार्थना केली होती. तिसऱ्या वेळी चौघांनी हातपाय दाबून धरले आणि एकाने "नीघ" म्हणत थोबाडीत मारली. नंतर त्यालाच ऐकवलं, तुझा विश्वास कमी पडतो, म्हणून पूर्ण गेलं नाही. तेव्हापासून त्याने प्रभुभोजन, म्हणजे मंडळीत येशूच्या आठवणीत घेतली जाणारी भाकर, घेणं सोडलं होतं. भूत असलेल्या माणसाने ती भाकर कशी खायची, हा त्याचा प्रश्न. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. ज्या मेजाकडे भ्यालेल्या माणसाने धावत जावं, त्याच मेजापासून तो पळत होता.

आणि मारहाणीबद्दल स्पष्टच सांगते. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तोंडाने प्रभूचं नाव घेत मारलं म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

मी त्याला भुताबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "झोपतोस कधी?"

तो गोंधळला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, प्रत्येकी बारा तास. रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी आलं की पत्र्याच्या खोलीत उताणा पडायचा. सोलापूरचा एप्रिल-मे ज्याने काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. शेजारी लूमची खटखट, वर तापलेला पत्रा. सलग तीन तास झोप झाली तरी नशीब.

स्वप्नं पडणाऱ्या झोपेत मेंदू हातपाय सैल सोडून देतो, नाहीतर माणूस स्वप्नातलं सगळं उठून करायला लागेल. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. डोळे उघडे, अंग लुळं, आणि स्वप्न अजून पूर्ण विरलेलं नाही. म्हणून कुणीतरी खोलीत आहे असं वाटतं, छातीवर ओझं वाटतं, आवाज फुटत नाही. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते सुटतं. अपुरी झोप, बदलत्या पाळ्या आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. जगभर, सगळ्या धर्मांच्या माणसांना हे होतं.

"म्हणजे सैतान नाहीच?" त्याने विचारलं.

असं मी म्हणत नाही. दुष्ट आत्मे आहेत हे मी मानते, आणि ते विश्वासणाऱ्याला छळतात, घाबरवतात, मोहात पाडतात हेही. बायबलमध्ये प्रेषित पौलाला सैतानाच्या दूताने शरीरातल्या काट्यासारखा त्रास दिला. लूक 13 मधली अठरा वर्षं वाकलेली बाई, जिला सैतानाने बांधलं होतं, तिला येशू अब्राहामाची कन्या म्हणतो. पण छळणं वेगळं आणि मालकी वेगळी. अंधाराच्या सत्तेतून काढून पुत्राच्या राज्यात आणलंय, असं कलस्सैकरांस पत्र सांगतं. ज्याच्या शरीरात पवित्र आत्मा राहतो त्याचा मालक दुसरा कुणी होत नाही, अशी माझी श्रद्धा आहे. यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, ते मी त्याच्यापासून लपवले नाहीत. पण "माझ्यात अजून कुणीतरी आहे" हे ज्याच्या मनावर तीन-तीनदा ठसवलं जातं, तो प्रत्येक वाईट विचारात तेच शोधायला लागतो. मग प्रार्थना करायची सोडून तो स्वतःवरच पहारा देत बसतो.

दुसऱ्या भेटीत त्याने पवित्र शास्त्राच्या चेनवाल्या कव्हरमधून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ताईत काढला. काळा दोरा, तांब्याची नळी. आजीने बांधला होता. बाप्तिस्म्याच्या आधी गळ्यातून काढला, पण टाकायचा धीर झाला नाही. इफिसातली माणसं विश्वास ठेवल्यावरच पुढे आली, आपण काय करत होतो ते कबूल केलं आणि जादूची पुस्तकं जाळली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या 19 व्या अध्यायात आहे. ते आम्ही दोघांनी वाचलं. कुणी ओरडलं नाही, कुणी हात धरले नाहीत. त्याने साध्या मराठीत प्रभूला सांगितलं की मला अजून भीती वाटत होती, म्हणून ठेवला होता. घरी जाताना तो ताईत त्याने माझ्या टेबलावरच सोडला.

मालकाशी बोलून त्याने दिवसपाळी मागून घेतली. पगार थोडा कमी झाला. कुशीवर झोपायचं ठरलं. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने आधी त्याला भाकर आणि पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं, हे मी त्याला वाचून दाखवलं.

सगळ्यांचं निदान हेच असतं असं मात्र नाही. जागेपणी आवाज ऐकू येत असतील, झटके येत असतील, जीव द्यायचे विचार येत असतील तर मी थेट सिव्हिलला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवते, आणि प्रार्थनाही चालू ठेवते. मत्तय 4:24 मध्ये भूतग्रस्त आणि फेपरेकरी वेगवेगळे सांगितलेत. त्या काळीही हा फरक ठाऊक होता.

जुलैत तो पुन्हा आला. "ताई, परवा परत झालं."

"मग?"

"तुम्ही सांगितलेलं तसं पायाचं बोट हलवत राहिलो. तोंड बंदच होतं, मनातच त्याचं नाव घेतलं. सुटलं. मग कूस बदलली आणि आईने हाक मारेपर्यंत उठलोच नाही." उठता उठता म्हणाला, "रविवारी भाकर घेतली."