गाळाच्या खडकांत गोल, थराथरांचे दाणे कसे तयार होतात? पाण्यात घासून गोल होतात का?

‘घासून’ वाचलं आणि एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा आठवली.

कच्छच्या फील्डवर्कला जुमाऱ्याहून मी धोसा ऊलाइटचा, म्हणजे अशाच गोल दाण्यांनी भरलेल्या खडकाचा, तुकडा आणला होता. साधारण 16 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्युरासिक समुद्रातला. बाकीची पोरं अमोनाइट (वळलेल्या शिंपल्यांचे जीवाश्म) गोळा करण्यात दंग, मी मात्र मोहरीहून बारीक अशा त्या तांबूस दाण्यांवर खूश. परत आल्यावर रात्र जागून थिन सेक्शन, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप, केलं. पहिलं फुटलं, दुसरं जमलं. सूक्ष्मदर्शकाखाली कांदा आडवा कापल्यासारखी वलयं!

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक नजर टाकली. “घरंगळून गोल झालंय, नदीतल्या गोट्यासारखं.” मी म्हटलं, “सर, घासून वलयं कशी येतील?” सात मार्क गेले.

अहो, नदीतला गोटा फोडून बघा. आत थर असलेच तर ते आरपार जातात, गोलाईबरोबर वळत नाहीत. ऊइड, म्हणजे हा थराथरांचा दाणा, झिजून नाही, वाढून गोल होतो. आई संक्रांतीला हलवा करायची तसा. परातीत तीळ, वर चमचा-चमचा पाक आणि सतत हलवणं. इथे तिळाच्या जागी वाळूचा कण किंवा शिंपल्याचा चुरा, पाकाच्या जागी कॅल्शियम कार्बोनेटने ठासून भरलेलं उथळ, कोमट समुद्राचं पाणी, आणि हलवायला लाटा आणि भरती-ओहोटी. बहामात हे आजही चालू आहे. एकेक दाणा व्हायला हजारभर वर्षं सहज लागतात. 2 मिमीच्या वर गेला की त्याला पिसोइड म्हणतात.

आणि लाटा हव्यातच असंही नाही. कोल्हापूरकडच्या बॉक्साइटमध्येही पुटं चढलेले गोळे सापडतात, ते जमिनीत जागच्या जागी वाढलेले. तिथे काय घरंगळणार?

आता खरं सांगायचं तर, माझ्या धोसाच्या दाण्यांत लोह भरपूर. लोहाचे ऊइड नेमके कसे होतात यावर अजून भांडणं आहेत, त्यामुळे हलव्याची उपमा चुनखडीच्या दाण्यांपुरतीच धरा. सूक्ष्मजीवांचा हात किती, हाही वादच. शिवाय हलव्याला काटा येतो, बहामाचा ऊइड मात्र गुळगुळीत, चकचकीत असतो, कारण पुट चढता चढता लाटा त्याला घासतही असतात. म्हणजे परीक्षकांचं पाव हिश्श्याने बरोबर होतं. पाव.

परीक्षेसाठी विचारत असाल तर आकृती काढा, केंद्रकण ठळक दाखवा. ‘घरंगळून गोल’ एवढंच लिहून पूर्ण मार्क मिळाले, तर परीक्षक कोण होते ते मला कळवा.