डिमरवर ड्रिल चालतं, मग लेथ का नाही?

प्रश्न: लाकडाच्या छोट्या लेथला १ एचपीची सिंगल फेज, कपॅसिटरवाली मोटर आहे, १४४० आरपीएम. मोठ्या तुकड्याला स्पीड फार होतो म्हणून लाइनमध्ये जास्त वॅटचा डिमर टाकला. मोटर जरा हळू होते पण घूं घूं करते, हत्यार टेकवलं की आतून खट्ट आवाज येतो आणि बॉडी चटका बसेल इतकी तापते. तोच डिमर हँड ड्रिलला झकास चालतो, पंखाही रेग्युलेटरवर चालतो. मग हिलाच काय होतं?

उत्तर: आधी डिमर काढा, वाइंडिंग अजून शाबूत असेल तर नशीब समजा. ड्रिलमध्ये कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते, तिला व्होल्टेज कमी दिलं की स्पीड उतरतो. तुमची मोटर इंडक्शन, तिचा स्पीड सप्लायची फ्रिक्वेन्सी आणि पोल (वाइंडिंगने तयार होणारे चुंबकी ध्रुव) ठरवतात, ५० हर्ट्झवर ४ पोलची म्हणजे १५००, त्यातून स्लिप, म्हणजे रोटर थोडा मागे राहतो तो फरक, वजा जाऊन १४४०. व्होल्टेज उतरवलं तर स्पीड थोडासाच उतरतो, ताकद मात्र पार जाते, व्होल्टेज अर्धं तर टॉर्क (फिरवण्याची ताकद) पाव. मग लोडखाली मोटर मागे पडते, करंट जास्त ओढते आणि तापते. आणि तो खट्ट आवाज बहुतेक सेंट्रिफ्युगल स्विचचा, स्पीड बराच पडला की तो स्टार्टिंग वाइंडिंग परत जोडतो, आणि ते वाइंडिंग असतं काही सेकंदांपुरतं, त्यामुळे आधी तेच जळतं.

पंख्याचं म्हणाल तर त्याला फक्त हवा ढकलायची असते, स्पीड उतरला की लोडही झपाट्याने उतरतो, शिवाय ती मोटर रेग्युलेटरवर चालेल अशीच बनवलेली असते. लेथवर हत्यार दाबलं की लोड आहे तेवढाच.

माझं मत विचाराल तर स्टेप पुली, म्हणजे लहान-मोठ्या मापाच्या पायऱ्या असलेली पुली, लावा. मोटरवर ३ इंची आणि लेथवर ६ इंची पुली घेतली की ७२० आरपीएम मिळतात, वर टॉर्क जवळपास दुप्पट. लोक याला जुनाट म्हणून नाक मुरडतात, पण मोठ्या तुकड्याला नेमकं हेच लागतं.

प्रश्न: आणि व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड बदलणारा ड्राइव्ह, लावला तर?

उत्तर: या मोटरला नको, थ्री फेज मोटर घ्यावी लागेल. सिंगल फेज २३० व्होल्ट घेऊन थ्री फेज २३० देणारे ड्राइव्ह मिळतात, फक्त मोटरच्या नेमप्लेटवर डेल्टामध्ये (वाइंडिंग जोडायची एक पद्धत) २३० लिहिलेलं हवं, नुसती ४१५ ची मोटर त्यावर पूर्ण ताकद देणार नाही. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये चालू-बंदचा स्विच टाकू नका, चालू लोडवर तो उघडला तर ड्राइव्ह उडू शकतो, स्टार्ट-स्टॉप ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच करा. २०-२५ हर्ट्झच्या खाली तासन्‌तास चालवायचं असेल तर बाहेरून वेगळा पंखा लावा, कारण मोटरचा स्वतःचा पंखाही तेवढाच हळू फिरतो. आणि व्हीएफडी आला म्हणून पुल्या काढून टाकू नका, २५ हर्ट्झवर टॉर्क फार तर तेवढाच राहतो म्हणजे १ एचपीची मोटर अर्ध्या एचपीचंच काम करते, जाड तुकडा उतरवायचा असेल तर बेल्ट खालच्या स्टेपवर घ्या आणि मोटर ५० हर्ट्झच्या आसपासच फिरू द्या.